धडा काढणारी अकरा माणसं

तुम्ही मंडळी जमलात की पान लावता लावता एकजण हमखास म्हणतो, "गुरुजी, वऱ्हाडातलं काही सांगा की!" आता काय सांगू? किस्से काही कोणी मुद्दाम जमवत नाही. घरात चिंध्या साठतात तसे ते साठतात. टाकू म्हटलं तर टाकवत नाहीत आणि ठेवून त्यांचं करायचं काय, ते कळत नाही.

मी नगरकडचा. पाद्रीसाहेबांनी मला उपदेशक म्हणून अमरावतीला नेलं, तेव्हा तिकडे कापसाचे दिवस होते. दूर अमेरिकेत कसली तरी लढाई पेटली आणि इथे वऱ्हाडात बैलांच्या शिंगांना चांदीच्या शेंब्या चढल्या! ज्याला त्याला घाई. गाड्या भरायच्या, गाड्या हाकायच्या, परत येऊन पुन्हा भरायच्या. अशा गावात देवाचं ऐकायला फुरसत कोणाला? आमच्या मंडळीत मोजून अकरा माणसं होती. त्यात मी एक आणि साहेबांची मड्डम एक. म्हणजे बघा!

साहेब माणूस सज्जन, पण त्यांच्या डोक्यात एक खूळ होतं. नुसता उपदेश ऐकून उपयोग नाही, म्हणायचे. शास्त्र जगण्यात उतरलं पाहिजे. म्हणून दर रविवारी उपदेश झाला की प्रत्येकाने त्यातून आठवड्यासाठी एक धडा काढायचा आणि सगळ्यांसमोर बोलून दाखवायचा. मग आठवडाभर तसं वागायचं आणि पुढच्या रविवारी उभं राहून काय झालं ते सांगायचं. साहेब ते सगळं लिहून घेत, कारण दर तीन महिन्यांनी विलायतेला रिपोर्ट जाई. रिपोर्टात बदललेली माणसं लागत. आणि माणसं बदलायची ड्यूटी माझी!

खरं सांगतो, त्या कामाने मी थकून गेलो होतो.

या अकरांत दानिएल नावाचा एक गाडीवान होता. मूळचा देवाजी, बाळापूरचा. घरी काळी जमीन, थोरला भाऊ सीताराम आणि म्हातारी आई. त्याने बाप्तिस्मा घेतला आणि जातीचे पंच बसले. देवाजीला दारात उभं करायचं नाही, त्याच्याशी बोलायचं नाही, त्याच्या हातचं पाणी नाही की भाकर नाही. मोडलं तर सगळं घर वाळीत! सीतारामची मुलगी लग्नाला आलेली. त्याने दार लावून घेतलं. दानिएल अमरावतीला आला आणि भाड्याने गाडी हाकू लागला.

आम्ही सगळे निरनिराळे धडे काढायचो. दानिएलच्या धड्याचं टोक मात्र दर वेळी बाळापूरकडे वळलेलं असे. त्याला आईला भेटायचं होतं. तिच्यासोबत बसून भाकर खायची होती. स्वर्गाचं तो नंतर बघणार होता.

*

एका रविवारी साहेबांनी पाखरांवर उपदेश केला. पाखरं पेरत नाहीत, कापत नाहीत, कोठारं भरत नाहीत, तरी देव त्यांना खायला घालतो. मग तुम्ही उद्याची काळजी का करता? मड्डमच्या डोळ्यांत पाणी आलं. मलाही बरं वाटलं, कारण त्या महिन्यात काळजी मीच जास्त करत होतो.

आमच्यात मार्थाबाई म्हणून एक विधवा होती. रेचा फिरवून कापसातली सरकी वेगळी करायची आणि त्यावर पोट भरायची. केसांत, भुवयांत कायम कापूस. तिने धडा काढला, "मी आठ दिवस पाखरं पाहीन."

पुढच्या रविवारी ती उभी राहिली. साहेबांनी टाक दौतीत बुडवला.

"पाहिलीत का पाखरे, मार्थाबाई?"

"नाई दिसली, साहेब."

"का बरे?"

"पाखरं पेरत नाईत, हे खरं. पण कोनी जवारी पेरली त पाखरं येतीन ना! औंदा ज्यानं त्यानं कापूसच पेरला. कापसाले काय चोच मारतीन ते? पाखरं गेली, अन् जवारी बी गेली!"

साहेबांनी टाक पुसून ठेवला. त्या वर्षी जोंधळा इतका महागला होता, की आम्ही दोन्ही वेळा पातळ आंबील पीत होतो. पाखरांवरचा उपदेश साहेबांनी पुन्हा केल्याचं मला आठवत नाही.

*

मिशनच्या भिंतीला भिंत लागून उस्मानभाईंचं घर. उस्मानभाई दर्जी. साहेबांचे कोट तेच शिवत. रविवारी ते आपलं शिवण घेऊन आमच्या ओसरीवर बसत. ख्रिस्ती व्हायचा त्यांचा काही विचार नव्हता. आमच्या ओसरीला सावली होती, एवढंच.

शेजाऱ्यावर स्वतःसारखी प्रीती करावी, असा उपदेश झाला. धडे काढताना एकापाठोपाठ एक सगळे तेच म्हणाले. सोपा धडा! शेजारी तर समोरच बसलेला!

मग काय विचारता! सोमवारी मार्थाबाईने जाऊन उस्मानभाईंची पडवी सारवली. ती वाळायच्या आत दानिएलने गाडीभर पऱ्हाटी, म्हणजे कापसाच्या वाळक्या काड्या, आणून त्यांच्या दारात ओतली, सरपणाला म्हणून. दार उघडेना! मंगळवारी आणखी दोघांनी त्यांच्या बकऱ्या चारायला नेल्या आणि एक हरवून आणली. मड्डमने सूप पाठवलं. ते सूप होतं कसलं, हे विचारायला उस्मानभाईंच्या बेगमने तीनदा माणूस पाठवला.

शनिवारी उस्मानभाई साहेबांपुढे हात जोडून उभे राहिले. "पाद्रीसाब, मेहेरबानी. मले शेजारी नका समजू. पुढचा धडा कोनता हाये?"

साहेब प्रसन्न होऊन म्हणाले, "पुढील रविवारी, शत्रूंवर प्रीती करा!"

उस्मानभाईंनी जोडलेले हात खाली घेतले. मग म्हणाले, "शेजाऱ्यावर मोहब्बत, दुश्मनावर बी मोहब्बत. मंग मानसानं जावं कुठं, साहेब?"

*

विसाव्याचा दिवस पाळण्याचा उपदेश मात्र आम्हाला महागात पडला. आम्हाला म्हणजे खामगावच्या रस्त्याला.

दानिएलने धडा काढला, "रविवारी गाडी हाकनार नाई. बैलाईले बी इसावा." छान! साहेबांनी लिहून घेतलं. हंगाम भरात होता. दानिएल कापूस घेऊन खामगावच्या बाजाराला निघाला. पण अकोल्याच्या पुढे अवकाळी पाऊस लागला. दोन्ही बाजूंना काळी माती. चाक रस्त्यावरून उतरलं की आसापर्यंत रुतणार. मध्ये जेमतेम एका गाडीपुरता रस्ता आणि त्यावर गाड्यांची रांग.

रविवारची सकाळ उजाडली. दानिएलने होता तिथे बैल सोडले, त्यांना वैरण टाकली आणि गाडीखाली घोंगडी पसरून प्रार्थनेला बसला.

मागे चाळीस गाड्या! कोणी पुढे जाऊ शकेना. लोक आले, शिव्या दिल्या, बैल जुंपायला लागले. दानिएल आडवा झाला. "मले मारा, पण बैलाईले आज हात लावू नका. तेइच्या सुट्टीचा दिवस हाये." आता बैलाची सुट्टी म्हटल्यावर गाडीवान जरा थबकले. पोळ्याशिवाय बैलाला सुट्टी असते, हे कोणी ऐकलं नव्हतं. दुपारपर्यंत चाळीसही गाड्या सुटल्या, चुली पेटल्या, कोणी झोपले, कोणी भजन म्हटलं. व्यापाऱ्यांची माणसं रस्त्याच्या दोन्ही टोकांना बोंबलत राहिली.

ही तक्रार मिशनपर्यंत आली. ऐकून घ्यायला अर्थातच मी! दोन तास ऐकली. संध्याकाळी एक म्हातारा गाडीवान दारात आला. मला वाटलं, हाही भांडायला आला. त्याने डोक्याचं मुंडासं सोडलं, घाम पुसला आणि हळूच विचारलं, "गुर्जी, तो तुमचा दानिएल आता कोन्या रविवारी कोन्या रस्त्यानं जाऊन राह्यला, ते आधी सांगान काय?"

*

आता कोंबडीची गोष्ट. साहेबांच्या टेबलावर आठ-नऊ दिवस कोंबडी होती, हे तुम्हाला खोटं वाटेल.

सुगीचा रविवार होता. प्रत्येकाने काही ना काही अर्पण आणलेलं. दानिएलने पाय बांधलेली कोंबडी आणून टेबलावर ठेवली. त्या दिवशीचा उपदेश असा, की तू अर्पण घेऊन आलास आणि तिथे तुला आठवलं की भावाचं तुझ्याविरुद्ध काही आहे, तर अर्पण तिथेच ठेव, आधी जाऊन भावाशी समेट कर आणि मग येऊन अर्पण दे.

साहेब पुढच्या वाक्यावर गेले, तोवर दानिएल उठला आणि बाहेर पडला! त्याने गाडी जुंपल्याचा आवाज आम्ही आत बसून ऐकला. अमरावतीहून बाळापूर म्हणजे बैलगाडीने जायला चार दिवस, यायला चार दिवस.

कोंबडीचं काय करायचं? साहेब म्हणाले, अर्पण अजून पूर्ण झालेलं नाही, तेव्हा त्याला हात लावता येणार नाही. पाय तेवढे सोडले. ती टेबलावर बसे, खाली उतरून फिरे, पुन्हा टेबलावर बसे. तिला दाणे घालायचे, तिची घाण काढायची ती मीच. तिने तीन अंडी दिली. ती अर्पणात धरायची की नाही, यावर साहेबांनी माझ्याशी एक अख्खी दुपार चर्चा केली. देवाशपथ सांगतो, त्या दुपारी मला नगरला पायी परत जावंसं वाटलं.

दहाव्या दिवशी दानिएल आला. अंगभर धूळ. आम्ही सगळे गोळा झालो.

"भाऊ भेटला?"

"भेटला."

"आई?"

त्याने मान हलवली. "तिले आत कोंडलं. आवाज आला तिचा."

"आणि समेट?"

"सीतारामनं दगड मारला, गुर्जी."

साहेबांनी कपाळावर हात ठेवला. दानिएल मात्र हसत होता. "पण नाई लागला! गोफनीनं उडतं पाखरू पाडते तो. लहानपनापासून त्याचा नेम चुकला नाई. अन् दहा पावलावरून मले दगड नाई लागला, गुर्जी!"

मग त्याने टेबलावरची कोंबडी दोन्ही हातांनी उचलली आणि साहेबांच्या पुढे धरली.

*

माझा स्वतःचा किस्साही सांगून टाकतो, नाहीतर म्हणाल, गुरुजी दुसऱ्यांचेच सांगतात.

त्या हिवाळ्यात माझ्यात काही राम उरला नव्हता. तिसाव्या वर्षीच म्हाताऱ्यासारखा बसायचो. रविवारी उपदेश झाला तो असा, की अहो कष्टी आणि भाराने थकलेल्यांनो, माझ्याकडे या, मी तुम्हाला विसावा देईन. मी मनात म्हटलं, सापडलं! माझी पाळी आली तेव्हा उभा राहिलो आणि सगळ्यांदेखत म्हणालो, "साहेब, मी हाच धडा काढतो. मला आठ दिवस विसावा हवा आहे."

साहेबांचा चेहरा उजळला. त्यांनी माझे दोन्ही हात धरले. "उत्तम! अतिउत्तम! हे वचन आपल्या अंतःकरणास इतके भिडले आहे, तर आपणच अकोल्याकडे जा आणि चार गावांत यावर उपदेश करा!"

गेलो. काय करता!

त्या चार गावांतलं एक बाळापूर. उपदेश ऐकायला तिथे कोणी आलं नाही. मी नदीवर पाय धुवायला उतरलो. किल्ल्याखाली बाया धुणं धूत होत्या. त्यातल्या एका म्हातारीने माझ्याकडे पाहिलं, माझ्या हातातल्या पुस्तकाकडे पाहिलं आणि लुगडं आपटत खालच्या मानेने विचारलं, "अमरावतीचे काय?"

"हो."

"देवाजीले वळखता?"

"रोज भेटतो."

ती लुगडं आपटत राहिली. बाकीच्या बाया कान देऊन होत्या. पंचांच्या बायकाही असतील त्यांत.

"कोन शिजवते त्याले?"

"स्वतःच शिजवतो, आई. भाकरी वाकड्या होतात."

तिने पिळा घातला, तो कितीतरी वेळ पिळत राहिली. मग धुणं डोक्यावर घेऊन माझ्या बाजूने जाताना म्हणाली, "नातीचं लगन हाये फागुनात. तोवर माह्या तोंडाले कुलूप." आणि घाट चढून गेली.

परतल्यावर मी हे दानिएलला सांगितलं. त्याने ते मला तीनदा सांगायला लावलं आणि दर वेळी "'भाकरी वाकड्या' मनाले कोनं सांगतलं होतं तुमाले?" असं म्हणून माझ्यावर चिडला. मला विसावा मिळालाच नाही, पण त्या दिवशी शीण जरा कमी वाटला, हे खरं आहे.

*

फाल्गुन झाला. चैत्र लागला. एका रविवारी सकाळी खामगावकडून परतणारी एक रिकामी गाडी मिशनच्या दारात थांबली आणि तीतून दानिएलची आई उतरली. एकटी! हातात काठी, डोक्यावर पदर. उपदेश सुरू झालेला होता. दानिएल पुढे बसलेला, त्याची पाठ दाराकडे. ती आत आली नाही. ओसरीवर उस्मानभाईंपासून जरा लांब, खांबाला टेकून बसली आणि मला हाताने खूण केली, की चालू द्या.

त्या दिवशीचा उपदेश महिन्यापूर्वीच ठरलेला होता. बापाची मालमत्ता घेऊन परमुलखात गेलेल्या मुलाची गोष्ट. साहेबांचा घसा बसलेला, म्हणून गोष्ट मी सांगत होतो. मुलगा गेला, धुळीला मिळाला, डुकरांची शेंगफोलं खायची पाळी आली आणि मग घराकडे निघाला. बापाने त्याला लांबून पाहिलं. बाप धावला! त्याच्या गळ्यात पडला, मुके घेतले, अंगावर उंची वस्त्र घातलं. पुढे शास्त्रात बाप पोसलेलं वासरू कापतो. पण वऱ्हाडात वासरू कापायचं म्हटलं की गोष्ट तिथेच संपते, म्हणून मी नेहमी बकरं कापत असे. साहेब मला त्यावरून रागावत. त्या दिवशीही त्यांनी माझ्याकडे रोखून पाहिलं, पण बोलले नाहीत.

गोष्ट संपली. धडे सुरू झाले. मार्थाबाई झाली, बाकीचे झाले. दानिएल उभा राहिला, धडा सांगायला म्हणून मंडळीकडे वळला आणि त्याला ओसरी दिसली.

उघड्या तोंडाने तसाच उभा राहिला. सगळ्यांच्या माना फिरल्या. साहेबांना मी कानात सांगितलं, ही कोण. साहेब गडबडीने उठले, वही घेऊन ओसरीवर गेले आणि तिच्यासमोर खाली मांडी घालून बसले. असा साहेब मी पहिल्यांदाच पाहिला.

"आई," साहेब म्हणाले, "आपण ही कथा ऐकली. या कथेतून आपण कोणता धडा घ्याल?"

तिने साहेबांच्या वहीकडे पाहिलं.

"त्या पोराची माय कुठं होती?"

साहेबांना कळलं नाही. मी पुन्हा सांगितलं.

"बाप धावला मनता," म्हातारी म्हणाली. "गळ्यात पडला मनता. बकरं कापलं. मंग माय कुठं होती?"

साहेबांनी पुस्तक मागवलं. पानं उलटली. पुढचं पान पाहिलं, मागचं पाहिलं. वीस वर्षं या माणसाने ही गोष्ट सांगितली होती. शेवटी ते मान वर न करता म्हणाले, "तिच्याविषयी लिहिलेले नाही."

"नसंलच लिवलं," ती म्हणाली. "तिले कोनी भायेर येऊ देल्लं नसंल."

उस्मानभाईंची सुई कापडात अर्धी तशीच राहिली. म्हातारीने काठी खांबाला टेकवली, पदर सारखा केला आणि मुलाकडे पाहिलं.

"देवाजी, आज काय रांधलं?"

दानिएल ओसरीपर्यंत आला. "भाकर... अन् मिरचीचा ठेचा."

"मंग उभा कावून हायेस?" ती म्हणाली. "वाढ मले."